अजून ओलं आहे

हमीदभाई, चाकं झाली.

रविवारी सकाळी ती पिशवीत घालून तुमच्या दुकानापाशी आलो, शटर वर ढकललं आणि हे वाक्य तोंडातून निघूनही गेलं. शेजारचा पंक्चरवाला ट्यूब पाण्यात धरून बसला होता. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि परत पाण्यातले बुडबुडे बघायला लागला. मला बरं वाटलं. दुसऱ्या कुणी असं पाहिलं असतं तर मी शटर ओढून तसाच माघारी गेलो असतो.

एवढी वर्षं तुमच्यासमोर बसून मी गप्प राहिलो आणि आता तुम्ही नाही, तर मोठ्यानं बोलायला लागलोय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, 'दत्ताराव, व्हॉल्व उशिरा उघडला.' माझी बायको सुनंदा म्हणते, यांच्या तोंडातून शब्द काढायला पक्कड लागते. खरं आहे ते. उदगीरहून नोकरीला आलो तेव्हापासून चाकणच्या कंपनीत माझं एकच काम, तयार पार्ट तपासायचे. बरोबर असेल त्याला हिरवा ठिपका, नसेल त्याला लाल. शिफ्टभर बोलायची वेळच येत नाही. मग काळेवाडीत घरी आल्यावरही तीच सवय, आणि सवयीला माणसं स्वभाव म्हणायला लागतात.

तुमच्या जनाज्याला गल्ली भरली होती. जो तो तुमच्याबद्दल काही ना काही सांगत होता. कुणाच्या आईचं इन्सुलिन गार राहावं म्हणून तुम्ही स्वतःच्या घरचा फ्रिज कसा उचलून दिलात, कुणाच्या लग्नात आइस्क्रीमची पेटी बंद पडली तेव्हा मांडवात पालथे कसे झोपलात. मी एका बाजूला चपलांजवळ उभा होतो. मला सांगायचं होतं ते त्या गर्दीत सांगण्यासारखं नव्हतं. ते इथे लिहितो. कडू भाग शेवटी येईल. आधी थोडं गोडाचं खाऊन घेऊ, तुमच्याच पद्धतीनं.

आपली ओळख आमच्या फ्रिजनं करून दिली. तो तुम्ही दुरुस्त केलात, आणि जाताना मी विचारलं, तुमच्याकडे हवा ओढायचा पंप आहे का. तुम्ही पिशवीची चेन अर्धी लावून थांबलात. फ्रिजवाल्याला आजवर कुणी असलं विचारलं नव्हतं. मग मी, म्हणजे मी, सलग बोललो. मोबाइलवर पाहिलं होतं की किडकं, भुसभुशीत, हातात धरलं तर चुरा होणारं लाकूड एका पातळ रेझिनमध्ये बुडवतात, वरून हवा ओढून घेतात, म्हणजे लाकडातल्या पोकळ्यांतली हवा निघून जाते. मग हवा परत आत सोडली की ती रेझिनला लाकडाच्या पोटात ढकलते. नंतर ते लाकूड मंद भाजायचं. आतलं रेझिन घट्ट होतं आणि तेच लाकूड दगडासारखं टणक होतं. त्याचं पेन होतं, सुरीची मूठ होते, कानातलं होतं.

'म्हंजी एसीचंच काम की,' तुम्ही म्हणालात. 'आधी हवा काढायची, मग गॅस भरायचा. हितं गॅसच्या जागी रस.'

तेव्हापासून दुकानात आपण त्याला रसच म्हणायला लागलो.

तुमच्या घरातला, नूरभाभींचा शिट्टी हरवलेला मोठा कुकर, त्यावर जाड पारदर्शक झाकण, मध्ये पंक्चरवाल्याकडून आणलेलं ट्यूबचं रबर आणि झाकणाला भोक पाडून तुमच्या पंपाची नळी, असं आपलं यंत्र उभं राहिलं. पहिल्याच रविवारी रसाला एवढा फेस आला की तो नळीतून सरळ पंपात गेला. पंप घरघरला, खोकला आणि थांबला. तुमच्या रोजच्या पोटापाण्याचा पंप. मला वाटलं, झालं, आता हा माणूस मला दारात उभं करणार नाही. तुम्ही पंप उघडलात, आत बोट घालून पाहिलंत आणि म्हणालात, 'प्याला बिचारा. तहानल्याला व्हता.' दुपारभर तो पुसत बसलात. मी एक शब्द बोललो नाही. सॉरीसुद्धा म्हणालो नाही. दुसऱ्या रविवारी नळीच्या मध्ये लोणच्याची एक काचेची बरणी बसवली होती, फेस आला तर तिथेच अडकावा म्हणून. ते काम तुम्ही आठवड्यात कधीतरी एकट्यानं केलं होतं. त्या बरणीकडे पाहून मला काय वाटलं हे मी तेव्हा सांगायला हवं होतं. मला वाटलं, ह्या माणसाला मी परत यायला हवा आहे.

मग आपले रविवार सुरू झाले. चाकणच्या कंपन्यांत परदेशातून मशिनं येतात ती पाइनच्या मोठ्या खोक्यांत. ती खोकी आवारात भिजतात, कुजतात, त्यांच्या फळ्यांत बुरशीच्या निळ्याकरड्या रेषा उठतात आणि मग ती भंगारात जातात. मी भंगारवाल्याकडून त्या फळ्या आणायचो. तुम्ही रस्त्याकडेला तोडलेल्या चिंचेची मुळं स्कूटरवर बांधून आणायचात. दुकानाच्या मागच्या खोलीत माझं लहान लेथ, तुमचं ड्रिल, भंगारातून जिवंत केलेला ओव्हन. भाभींच्या ओव्हनमधून आपली हकालपट्टी झाली होती. त्यांच्या केकला रसाचा वास लागला त्या दिवशी मी गल्लीच्या टोकाला उभा होतो आणि तरी मला ऐकू आलं.

आणि ती गुलाबी बाटली. उन्हात रस खराब होऊ नये म्हणून तुम्ही तो दुकानातल्या दुरुस्त झालेल्या फ्रिजमध्ये ठेवायचात, गिऱ्हाइकाच्या. तेवढीच टेस्टिंग होते म्हणायचात. एकदा त्यात गुलाबी रंग घातला होता आणि पलीकडच्या गल्लीतल्या एका ताईंचा फ्रिज बाटलीसकट घरी गेला. त्यांच्या यजमानांचा फोन आला, हमीदभाई, फ्रिजबरोबर सरबत पण देता का. तुम्ही एका पायात चप्पल आणि एका पायात बूट घालून धावलात, मी मागे. ग्लास ओतून झाला होता. नशिबानं पिणारा अजून फोनवरच होता. ताईंनी चहा केला, तुम्ही बाटली मांडीत धरून बसलात आणि परत येताना म्हणालात, 'प्याला असता आन् वर ऊन लागलं असतं, तर शंभर वर्सं किडला नसता गडी.' मी रस्त्यात थांबून हसलो. सुनंदाला घरी येऊन सांगितलं तर तिनं आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

वाद मात्र आपला एकच होता आणि तो मिटला नाही. तुम्ही म्हणायचात, रस प्यालेलं लाकूड हे लाकूड नव्हं. पोटात प्लास्टिक भरल्यालं सोंग हाय. मी म्हणायचो, दाढ किडली, दाढेत सिमेंट भरलं, म्हणून दाढ तुमची राहत नाही का. तुम्ही जिभेनं आपली दाढ चाचपायचात आणि पुढच्या रविवारपर्यंत उत्तर शोधायचात. हे असं वर्षानुवर्षं चाललं. शेकडो पेनं, मुठी, भोवरे झाले, आणि प्रत्येक नग लेथवरून उतरला की तुम्ही तो कानाजवळ धरून नखानं टिचकी मारायचात. 'मुका हाय,' म्हणायचात, आणि लगेच खिशात घालायचात. ती पेनं तुम्ही सगळ्या काळेवाडीला वाटलीत. परवा बँकेतल्या शिपायाच्या खिशाला आपलं एक चिंचेचं पेन दिसलं. मी फॉर्म भरायला त्याच्याकडून मागून घेतलं आणि परत देताना जरा वेळ लावला.

तुमची लेक शबाना बाळंतपणाला माहेरी आली, नात झाली, तेव्हा तुम्ही माळ्यावरून पांगुळगाडा काढलात. लहान मुलानं उभं राहून दांडा धरायचा आणि ढकलत चालायला शिकायचं, तसला तीन चाकी लाकडी गाडा. देहूच्या अलीकडे तुमचं गाव, तिथल्या सुतारानं तो तुमच्या थोरल्या भावासाठी केला होता. मग त्यावर तुम्ही चाललात, मग तुमच्या बहिणी, मग शबाना. चौकट धड होती. पुढचं चाक बाभळीचं, ते लोखंडासारखं. मागची दोन आंब्याची होती. सुताराकडची बाभूळ संपली असावी. त्या दोन चाकांना किडीनं चाळणीसारखं करून ठेवलं होतं, बोटानं दाबलं तर पीठ गळत होतं.

'नवी चाकं करू,' मी म्हणालो.

'नवी न्हाईत. हीच.'

पण तुम्हाला रसाची भीती होती. पहिल्यांदाच तुम्ही कारण नीट सांगितलंत. लहानपणी तुमची आई चुलीपुढं बसायची आणि पोर गाडा घेऊन घरभर फिरायचं. पाठ फिरवून भाकरी थापता थापता तिला चाकांच्या आवाजावरून कळायचं, पोर कुठं आहे. सोप्यात आहे, ओसरीत आहे, उंबऱ्याकडे निघालंय. मुक्या चाकांचा गाडा काय कामाचा, असं तुमचं म्हणणं. मी म्हणालो, रस पाजल्यावरही आवाज येईल. तुम्ही म्हणालात, दाढेला आवाज न्हाई, चाकाला हाय. शेवटी ठरलं, मागची दोन चाकं रसात घालायची आणि पुढच्या बाभळीला हात लावायचा नाही. फारच मुकी झाली तर निदान एक बोलतं राहील.

त्याच दिवशी, चाकं ब्रशनं झाडता झाडता, तुम्ही सहज म्हणालात की हे शेवटचं काम. शबाना मागे लागली होती. कुरुळीत तिनं आणि जावयांनी जास्तीची एक खोली घेतली होती, तुमच्या छातीत मध्येच कळ यायची, जावई म्हणत होते की अब्बांनी आता नातीजवळ येऊन बसावं. 'गाडा झाला की शटर खाली, दत्ताराव. कुरुळीला जाऊन पोरीला चालवतो.'

मी चांगलं झालं म्हणालो. आणि घरी जाताना रस्ता चुकलो. रोजचा रस्ता.

आता कडू भाग.

रस पाजण्याआधी लाकूड आतपर्यंत कोरडं लागतं. जरा पाणी राहिलं तर तिथे रस शिरत नाही आणि लाकूड मधून पोकळच राहतं. म्हणून ओव्हनमध्ये मंद वाळवायचं, थंड करायचं, वजन करायचं. पुन्हा वाळवायचं, पुन्हा वजन. वजन उतरायचं थांबलं की पाणी संपलं. वजनाचा काटा वाचायचं काम माझं होतं. तुम्हाला ते बारीक आकडे दिसत नव्हते आणि तुमचा भरवसा होता, हा माणूस तपासणीवाला आहे.

एका रविवारी काटा मागच्या वेळच्याच जागी थांबला. चाकं कोरडी होती. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून विचारलंत, 'काय म्हणतंय?'

मी म्हणालो, 'अजून ओलं आहे.'

एवढ्या वर्षांच्या नोकरीत चांगल्या पार्टला लाल ठिपका मी कधी दिला नाही, कुणी दाब आणला तरी नाही. तो त्या दिवशी दिला. तुम्ही मान हलवलीत आणि चहा सांगायला गेलात. पुढच्या रविवारी परत तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही. तुम्ही चाकं फरसाणाच्या घट्ट झाकणाच्या डब्यात घालून दुकानामागच्या तुमच्या घरात ठेवायचात, हवेतली ओल लागू नये म्हणून. रविवारी डबा बाहेर यायचा, मी काटा बघायचो आणि ठरलेलं वाक्य बोलायचो. गंमत म्हणजे काही रविवारी मला खोटं बोलावं लागायचं नाही. वजन खरंच वाढलेलं असायचं. घट्ट झाकणाच्या डब्यात वजन वाढतं कसं, हा प्रश्न कंपनीत मी कुणालाही पहिला विचारला असता. इथे विचारला नाही. सोयीचं होतं. मी मनात म्हणायचो, बघ, तू फार काही खोटं बोलत नाहीयेस.

मला दुकान बंद व्हायला नको होतं, हमीदभाई. तेवढंच. रविवारी सकाळी मी दाढी करतो, स्वच्छ शर्ट घालतो, आणि सुनंदा म्हणते, निघाली स्वारी. मला जायला दुसरी जागा नाही. एका जागी चार तास बसलो आणि बोललो नाही तरी कुणाला वावगं वाटत नाही, अशी माझ्या आयुष्यात ती एकच जागा होती. हे तुम्हाला सरळ सांगता आलं असतं. तुम्ही कुरुळीला गेला असतात तर मी तिथे आलो असतो, माझ्या कंपनीच्या रस्त्यावरच तर आहे कुरुळी. हे मला तेव्हा सुचलं नाही असंही नाही. सुचलं होतं. पण लेकीच्या घरी येऊन बसायला निमित्त लागतं, आणि ते मागायला तोंड लागतं.

शबाना फोनवर माहिराला दाखवायची. पोर पालथी पडायला लागली, बसायला लागली, रांगायला लागली, सगळं तुम्ही मोबाइलमध्ये बघितलंत, माझ्या शेजारी बसून. शबाना विचारायची, अब्बा, गाडा कधी. तुम्ही स्क्रीन माझ्याकडे फिरवायचात. 'तुझ्या काकालाच इचार. इन्स्पेक्टरसाहेब पास करंनात.' मी स्क्रीनकडे बघून हात हलवायचो. तुम्ही त्या काचेवरच नातीचा मुका घ्यायचात आणि मग शर्टाच्या बाहीनं काच पुसायचात. ती पुसलेली काच मला अजून दिसते.

शेवटच्या रविवारीसुद्धा मी तेच बोललो. म्हणजे तुमच्याशी माझं शेवटचं बोलणं 'अजून ओलं आहे' हे झालं. तुम्ही डबा बंद करत म्हणालात, 'वाळंल की. घाई कुणाला हाय?' तेव्हा मला ते ऐकून सुटल्यासारखं वाटलं होतं. मंगळवारी पहाटे तुम्ही गेलात. आणि मग ते वाक्य मला झोपू देईना.

नातीचं बसणं, रांगणं, भिंत धरून उभं राहणं तुम्ही तिच्याजवळ बसून पाहायचं होतं. ते मी तुमच्याकडून काढून घेतलं होतं.

तिसऱ्या दिवशी शबानानं डबा माझ्या हातात दिला. ती माहिराला घेऊन आईजवळ राहायला आली होती. 'काका, तुमचं पास झालं की करा,' एवढंच म्हणाली. तिच्या मनात टोमणा नव्हता, पण मला तो लागायचा तिथे लागला.

चाकं मी तुमच्याच मागच्या खोलीत केली. काटा पाहिला, ओव्हन लावला, परत पाहिला. कोरडी. कुकरमध्ये ठेवली, तरंगू नयेत म्हणून वर तुमचा लोखंडी पाना ठेवला, रस ओतला, पंप सुरू केला. चाकांच्या किडक्या भोकांतून बुडबुड्यांच्या माळा निघाल्या. आपण दोघं हे बघत बसायचो. तुम्ही म्हणायचात, लाकूड उसासे टाकतंय. आधी दाट, मग विरळ, मग कुठूनतरी एखादा. शेवटचा बुडबुडा येईपर्यंत पंप बंद करायचा नाही हा तुमचा नियम, आणि माझी नेहमी घाई. ह्या वेळी मी घाई केली नाही. हवा आत सोडली आणि रसाची पातळी खाली उतरली, चाकं रस प्यायला लागली. तशीच त्यांना रसात राहू दिलं. मग निथळून, चंदेरी कागदात गुंडाळून भाजली. थंड झाल्यावर एक चाक बादलीत टाकलं. तळाला जाऊन बसलं. पूर्वी तेच चाक बुचासारखं तरंगलं असतं. लेथवर चढवलं तेव्हा कुठे चुरा नाही, चीर नाही. किडीची भोकं तेवढी मधासारख्या रंगानं भरून आली होती, गावच्या वाटांसारखी वेडीवाकडी. नखानं टिचकी मारायला हात उचलला आणि मी थांबलो. ते तुमचं काम. माझ्यानं झालं नाही, चाकं तशीच पिशवीत घालून घरी नेली.

रविवारी पंक्चरवाल्यासमोर ते एक वाक्य बोलून मी मागच्या दारानं तुमच्या घरात गेलो. भाभी इद्दतीत आहेत, नवरा गेल्यानंतरच्या एकांताच्या दिवसांत, तेव्हा त्या स्वयंपाकघरात पडद्याआड. शबाना पुढच्या खोलीत शहाबादी फरशीवर बसली होती आणि माहिरा खुर्चीचा पाय धरून उभी. मी गाड्याची चौकट पुढ्यात घेतली, चाकं काढून ठेवली आणि मला कळलं, हे सांगितल्याशिवाय ही चाकं मला बसवता येणार नाहीत.

सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. वजन थांबलं होतं, मी ओलं म्हणालो, पुन्हा पुन्हा म्हणालो, दुकान बंद होऊ नये म्हणून. तुझे अब्बा तुझ्याकडे लवकर आले असते. एवढं बोलून मी फरशीकडे बघत बसलो.

 बोलल्या भाभी, पडद्यामागून, पातेल्यात पळी फिरवत.

'डब्याचं झाकण कोण उघडत होतं, ते न्हाई विचारलं तुम्ही?'

मी पडद्याकडे पाहिलं.

'शनवारी संध्याकाळी ती चाकं डब्यातनं काढून मोरीच्या खिडकीत मांडायचे. मी म्हटलं, अवो, वाळवायला ठेवलीत ना? तर म्हणायचे, हवा खाऊ दे त्यांना. सकाळी उठून परत डब्यात. मला वाटलं, असंच करायचं असतं.' मग पळी पातेल्याच्या काठावर झटकून म्हणाल्या, 'त्यांना जायचंच नव्हतं कुरुळीला. कंप्रेसरचा आवाज आल्याशिवाय झोप लागत नव्हती त्या माणसाला. पण लेकीला नको कसं म्हणणार.'

आता शबाना माझ्याकडे बघत होती.

'म्हणजे तुम्ही खोटं बोलत होता आणि अब्बा चाकांना पाणी पाजत होते,' ती म्हणाली. 'आणि मी तिकडे त्यांच्या खोलीला रंग देऊन बसले. त्यांना आवडतो म्हणून हिरवा.'

 पडद्यामागची पळी थांबली. मग शबानानं एक चाक उचललं, त्या मधाच्या रेषांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, 'जोडा आता, काका. ती उभी राहून दमली.'

हमीदभाई, तुम्ही झाकण उघडत होतात हे ऐकल्यापासून मी बरा झोपतो. म्हणून मी सुटलो असं मी मानत नाही. खोलीला दिलेला तो हिरवा रंग तिथे आहे, आणि त्यातला निम्मा माझ्या नावावर आहे. पण निम्मा. दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांपासून लपवून एकच लबाडी केली, आणि एकानंही तोंड उघडलं नाही. तुम्ही सगळ्या काळेवाडीशी बोलायचात आणि ह्या एका गोष्टीत माझ्याएवढेच मुके निघालात, ह्याचं मला हसूच येतं. त्या खिडकीत मांडलेल्या चाकांत कंप्रेसरचा वाटा किती आणि माझा किती, हे आता कळायचं नाही. थोडा माझाही असेल, एवढं मी धरून चालतो. तेवढं पुरतं.

दुकानाची किल्ली शबानानं सध्या माझ्याकडे ठेवली आहे. एक पोरगा दुकान भाड्यानं घेतोय, फ्रिजचंच काम करतो. मागची खोली रविवारपुरती मला द्यायला तयार आहे. पंप त्याला दाखवला तर म्हणाला, याला कसला वास येतोय. मी त्याला पंप तहानलेला होता ती गोष्ट सांगितली. पूर्ण सांगितली.

तर चाकं. आसावर चढवली, खीळ ठोकली. शबानानं माहिराची मूठ दांड्यावर ठेवली आणि हात काढून घेतला. पोर जरा वेळ नुसतीच उभी राहिली. मग पोट पुढे काढून तिनं दांडा ढकलला. गाडा हलला. फरशीच्या सांध्यावर पुढचं चाक खडखडलं, त्यामागे टक टक असा दुसरा आवाज आला, जरा जड, जरा खालच्या पट्टीतला. खड, टक टक. दोन पावलं, मग आणखी दोन. मी आणि शबाना दोघंही तिच्या टाचांकडे बघत होतो, ती कुठे निघालीय इकडे आमचं लक्षच नव्हतं.

'शबाना,' पडद्याआडून भाभी म्हणाल्या, भाकरी थापायचा आवाज न थांबवता, 'उंबऱ्याकडं चालली बघ ती. धर.'

शबानानं उठून धरली.

तुम्ही म्हणाल, तो आवाज पुढच्या बाभळीच्या चाकाचा, रसाचा त्यात काय संबंध. असेल बाभळीचा. पण मागची दोन त्याच्या मागोमाग बोलत होती, हमीदभाई. मी खाली फरशीवर बसलो होतो, अगदी जवळ. मी ऐकलं.